लाभ

सोमवारी दुपारी काट्यावर उभे असताना लागली पहिली.
तुर्भ्याचा मसाला बाजार, सांगलीहून हळद उतरत होती.
मापाडी माणूस 'एक' म्हणत नाही मोजताना, 'लाभ' म्हणतो.
लाभ म्हणाले, उचकी.
दोन म्हणाले, उचकी.
"सर्जेराव, गावाकडं कोण एवढं आठवतंय?"
माथाडी हसले, हेही हसले,
हसण्यातही उचकी.

रात्री कोपरखैरण्याच्या खोलीत मी नावं घ्यायला बसले.
पाटणची नणंद. नाही.
लग्न ठरलेली भाची. नाही.
उधारी राहिलेला किराणावाला, सगळे त्याच्यावर हसलो. नाही.
पाटोळेबाईंनी जिभेवर साखर ठेवायला सांगितली,
पोरानं दाराआडून भॉक केलं,
मग पाणी. नाक दाबून पाणी, वाकून पाणी,
सात घोट न थांबता पाणी,
तांब्यावर तांब्या.

एक नाव राहिलं होतं.
टेम्पोच्या पैशांवरून अबोला झाला, तेव्हापासून
ते आमच्या घरात कुणी घेत नाही.
मी घेतलं. कुकरच्या शिट्टीआड, हळू.
उचकी थांबली.
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
काटा अर्धी फेरी फिरला असेल.
मग उचकी.

मंगळवार.
बुधवार.
घास अर्ध्यावरून परत. झोपेतही खाट हलायची.
गुरुवारी सकाळी घरातच, पडल्या पडल्या,
बोटं हलवत पोती मोजत होते,
आणि सत्तावीसनंतर पुन्हा सत्तावीस म्हणाले.
तीस वर्षांत ज्यांचं एक पोतं इकडचं तिकडं झालं नाही.
मी पदर खोचला, रिक्षा बोलावली.

वाशीला तांडेल डॉक्टरीण होत्या, पोरीच्या वयाच्या.
"कधीपासून?"
सोमवारपासून म्हटल्यावर पेन खाली ठेवलं.
"दोन दिवस उलटले की यायचंच, मावशी.
जेवू देत नाही, झोपू देत नाही, तर त्याआधीही.
आणि तोंड वाकडं, हात बधिर, छातीत कळ,
बोलणं अडखळतंय, घोट गिळता येत नाही,
असलं काही सोबत असेल, तर तासभरही थांबायचं नाही."
हे सगळं माझ्याकडे न बघता,
ह्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारत.

रक्ताचा कागद आला.
"अंगातलं मीठ उतरलंय."
मला हसूच आलं. ह्यांचं?
पेढी बुडाली तरी खाल्ल्या मिठाला जागून
चार महिने बिनपगारी काटा धरला, त्या माणसाचं?
"बीपीची गोळी कुठली?" पिशवीतून काढून दिली.
"लघवी वाढवणारी आहे ही. जेवणात मीठ?"
मीच तोडलं होतं, दिवाळीपासून.
वेगळी आमटी काढायचे, अळणी,
आणि कौतुकानं सांगायचे सगळ्यांना.
"पाणी किती पाजलंत?"
तांबे मोजायला लागले
आणि मधेच थांबले.

"तुमची एकटीची चूक नाही," त्या म्हणाल्या,
"गोळी देणाऱ्यानं रक्त तपासायला हवं होतं.
आता मीठ चढवू, पण हळू.
घाई केली तर मेंदूला सोसत नाही."
थेंब, मग थेंब.
जन्मभर क्विंटलात मोजलेला माणूस
थेंबांनी भरत होता, मी राखण बसले होते.
शनिवारी पहाटे दचकून जागी झाले,
कसला आवाज झाला म्हणून.
कसलाच नव्हता.

परवा भाकरी थापताना मलाच लागली, एक.
ह्यांनी पेपर बाजूला ठेवला,
आधी घड्याळ बघितलं,
मग बोट वर केलं, "लाभ."
दुसरीची वाट बघत बसलो दोघं.
आली नाही.
भिंतीकडं तोंड करून म्हणाले,
"यदू असंल."
मी भाकरी उलटली.