रिकामा रकाना

सकाळी सव्वासात. असुन्सिओनचं ऑफिस अजून झोपेत,
माझ्या ग्वाम्पात तेरेरेचा बर्फ तेवढा बोलतोय.
रिपोर्ट उघडते. नदीच्या पातळीचा आलेख
एकोणीस दिवस सरळ,
इस्त्री केलेल्या बाहीसारखा, सुरकुती नाही.
रोज पाहिला होता.
आज दिसला.

तेवढ्यात इन्सफ्रानसाहेबांचा फोन :
"यासीच्या वळणावर बार्ज वाळूत बसलाय, लिदुविना.
दोन हजार टन सोयाबीन.
पट्टीवर बावीस सेंटिमीटर म्हणालीस, म्हणून भरला."
मी नव्हते म्हणाले. रिपोर्ट म्हणाला होता.
हे वाक्य गिळलं, गार तेरेरेबरोबर.

मग लागले जोडणीच्या मागे,
भिंत ओली दिसल्यावर गळती शोधत फिरावं तशी.
पत्ता बरोबर. दार ठोठावलं की उत्तर येतंय, दोनशे,
म्हणजे आत कोणीतरी आहे.
टोकनची मुदत डिसेंबरपर्यंत.
दशांशाचा स्वल्पविराम? तो आमचा जुना वैरी.
आम्ही स्वल्पविराम देतो, सॉफ्टवेअरला टिंब लागतं,
मागच्या पुरात नदी रिपोर्टात
चारशे शहाऐंशी मीटर चढली होती,
हिशेबवाल्या ओबदुलियाने पोहायचा चष्मा घालून दाखवला होता.
आज स्वल्पविरामही शहाण्यासारखा जागेवर.
घड्याळ ग्रीनिचचं नाही, आमचंच.
रिफ्रेश पहाटे चारला, रोज, हिरवी खूण.
कॅशे पुसली. पुन्हा ओढलं.
पुन्हा सरळ.

शेवटी कच्चा फीड उघडला, न शिजवलेला,
कंसात कंस, त्याच्या आत कंस,
आणि तारखेपुढे, एकोणीस वेळा : नल.

शून्य नव्हे.
शून्य म्हणजे कोणी मोजलं आणि काही निघालं नाही.
नल म्हणजे मोजणारा बोललाच नाही.

पातळी वाचणाऱ्या काराई सेबेरोंना फोन लावला.
आधी कोंबडा, मग खोकला, मग ते :
"पोरी, पट्टीपाशी पाणीच नाही.
पट्टी चिखलात उभी आहे, बुडापर्यंत कोरडी.
नदी वीस पावलं पलीकडे गेली.
मी रोज जातो, पहाटे. बघतो. परत येतो.
मशीन म्हणतं, आकडा टाक.
शून्य टाकू? शून्याला निदान पाणी टेकलेलं असतं.
खोटं कशाला लिहू. रकाना मोकळा सोडला.
म्हटलं, तिकडे शिकलेली माणसं आहेत,
त्यांना मोकळा रकाना वाचता येईल."

मला आला नाही.
कारण मीच तो बुजवला होता.
तीन वर्षांपूर्वी, सातवी पायरी, माझ्या हातची :
रिकामं आढळल्यास वरची किंमत खाली भरा.
मीटिंगमध्ये आलेखाला भोकं दिसायची,
साहेबांना भोकं आवडत नाहीत.
आडात नव्हतं.
मी पोहरा भरलेला दाखवत होते.

सातवी पायरी काढून टाकली.
आलेख एका सप्टेंबरी मंगळवारी तुटला
आणि पुढे नुसता पांढरा पडदा.
साहेब खांद्यावरून वाकले, "बिघडलंय वाटतं."
"नाही," म्हटलं, "आत्ता सुधारलंय."
ते बराच वेळ त्या पांढऱ्याकडे पाहत राहिले,
मग बार्जच्या विम्याला फोन करायला गेले.

बार्ज अजून तिथेच आहे. त्याच्यावर बगळे बसतात म्हणे.

काराई सेबेरो आता मला निरोप पाठवतात, पहाटे,
पट्टीपासून पाण्यापर्यंत किती पावलं.
पावलं कुठल्याच फीडमध्ये बसत नाहीत,
मी नवा रकाना केलाय, हाताने भरते.
वीस. तेवीस. तेवीस. (त्या दिवशी गुडघा दुखत होता, म्हणाले,
पावलं लहान पडली असतील, तसं लिही.)
तसं लिहिलं.

आज सव्वीस.
उद्याचा रकाना मोकळा आहे.