मसुदा, परिच्छेद सात

मंत्रालयाला यादी हवी आहे.
कुठल्या वस्तू अडवायच्या, कुठल्या सोडायच्या,
दोन पानांत, रविवारी सकाळपर्यंत.
बद्रिया मॅडमनी खाली पेन्सिलीने लिहिलंय:
‘विशेषणं नकोत, तगारे.’

तर विशेषणांशिवाय:
खसबचा धक्का, पहाटेचे पाच.
हवा ओली. (हे विशेषणच. राहू दे.)
पलीकडच्या किनाऱ्यावरून आलेल्या होड्यांतून
शेळ्या उतरतायत, पाय लटपटत,
एकीच्या कानात निळा बिल्ला.
याच होड्या दुपारी परततील
फ्रीज, टीव्ही,
ताडपत्रीखाली दोरीने आवळलेली खोकी घेऊन.
शेळीला पशुवैद्याचा दाखला लागतो.
खोक्याला आठ आकडे पुरतात.

त्या आकड्यांवर माझं पोट आहे, एकवीस वर्षं.
त्याआधी वडिलांचं, मिरजेच्या जकात नाक्यावर:
ट्रकमधल्या पोत्यात लोखंडी सळई खुपसायचे,
बाहेर काढून नाकाशी धरायचे
आणि सांगायचे, वर हळद आहे, खाली तंबाखू.
कधी चुकले नाहीत.
म्हणजे, असं तेच सांगायचे.

हे मी मस्कतच्या बैठकीत सांगून बसलो.
मॅडमनी कप हलवून कॉफी पुरे म्हटलं, मग हसल्या:
‘आमच्यात जकात म्हणजे गरिबाचा वाटा.
तुम्ही त्याचा नाका केलात?’
सगळे हसले. मीही.
शब्द कुठल्या होडीतून आमच्याकडे उतरला,
उतरताना देण्याचं घेणं कधी झालं,
कुणी नोंद ठेवली नाही.

सळईच्या टोकाला आता काय लागणार?
नखाएवढी चकती.
तीच सूरच्या दवाखान्यात
फुप्फुसावरचा डाग ओळखते,
तीच अमावास्येला
छपरावर झोपलेला माणूस ओळखते.
चकतीच्या लेखी दोन्ही डागच.

आणि जे खोक्यात बसतच नाही?
शिकवून तयार केलेले आकड्यांचे ढीग,
इथली शेळी एकदा ओरडेपर्यंत
तारेतून तिकडे पोचलेले.
त्यांच्यापुढे आपली यादी म्हणजे वरातीमागून घोडं,
तेही वरात कुठल्या गावची, हे विचारत.

सईद अल-शिही, बंदरावरचा निरीक्षक,
माझ्यापुढे एक खोकं ठेवतो.
वर लिहिलंय: शेतीची फवारणी, सुटे भाग.
आत सहा मोटारी, एक कॅमेरा. कॅमेऱ्याची काच
फवारणीला लागते त्याहून जरा चांगली.
जरा.
‘उस्ताद, आमच्या खजुरांना सोंडकिडा लागलाय,
मामा असंच यंत्र उडवतो. हे त्याचंच भावंड ना?
मी कुठला आकडा बघू?’
होडीवाला पोरगा एकोणिसाचा असेल,
ओहोटीकडे बघतो, मग माझ्याकडे.

मी खोकं थांबवलं.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: काच.
पोरगा काही बोलला नाही.
रिकाम्या जागेत पाण्याचा कॅन सरकवला
आणि इंजिन सुरू केलं.
ती काच कुणाच्या बागेवरून उडणार होती,
की बागेवरून नाहीच,
मला कधी कळणार नाही.
खरं तर परिच्छेद सात एवढाच आहे.

पण रात्री लिहिलं:
यादी छोटी ठेवा, दर सहा महिन्यांनी फाडा.
सईदला नवा आकडा नको, एक फोन द्या,
ज्याला काच कळते असं कुणीतरी
पलीकडे जागं असू दे.
शिकायला आलेल्या पोरांना दारात अडवू नका,
डोक्यात गेलेलं कुणाच्याच नाक्यावर उतरवून घेता येत नाही.
आणि ज्याचं खोकं थांबवलं
त्याला तीस दिवसांत उत्तर द्या.
हे शेवटचं खोडलं.
मग पुन्हा लिहिलं.

रविवारी मॅडमचा निरोप आला:
‘उत्तम. फक्त यादी जोडलेली दिसत नाही.’

खोकं अजून सईदच्या खोलीत आहे.
तो त्यावर चहाचा ग्लास ठेवतो.