गिरणी चालू आहे

दोन हजार नऊ साली मी टेबलात पान मांडायचे.
डावीकडे मेन्यू, उजवीकडे फोटो, आणि खाली
सरकत्या अक्षरांत ‘आपले हार्दिक स्वागत’.
परवा क्लासमध्ये हे सांगितलं
तर रेहान तांबोळी इतका मनापासून हसला
की मलाही हसू आलं,
जुन्या फोटोत आपल्याच केसांचा फुगा बघून येतं तसं.

पंधरा वर्षं.
म्हणजे एक मुलगी दहावीपर्यंत,
सासऱ्यांचं डायलिसिस, आठवड्याला तीनदा,
आणि एक संगणक, जो माळ्यावर चढला
तो थेट भंगारात उतरला.

धनकवडीहून नळस्टॉपला दोन बस बदलून जाते.
क्लास सुटला की शनिवारातली अभ्यासिका,
महिना नऊशे, खुर्ची क्रमांक सत्तावीस.
आजूबाजूला राज्यसेवेची मुलं
ओठांतल्या ओठांत कलमं घोकतात.
एकानं विचारलं, काकू, तुमची कुठली पोस्ट?
म्हटलं, फ्रंटएंड.
तो म्हणाला, कटऑफ किती लागतो?

चौकटीच्या चारही बाजूंना मोकळी जागा कशी सोडायची
हे नव्यानं शिकतेय.
आतली जागा वेगळी, बाहेरची वेगळी,
मध्ये काठ.
इतक्या स्पष्टपणे
हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

ओजस सर, वय चोवीस, मला ‘अहो मॅडम’ म्हणतात.
म्हणाले, पोर्टफोलिओत तीन कामं तरी हवीत.
पहिलं सगळ्यांचं तेच : कामांची यादी.
लिहा, टिक करा, पुसा. केली.
दुसरं : हवामान, जगातल्या कुठल्याही शहराचं.
मी कोपनहेगनचं तापमान बघत बसले
आणि इकडे दूध उतू गेलं.

तिसरं सुचेना.

गुरुवारी आमच्याकडे लाईट जाते.
कधी अकराला येते, कधी चारला.
दळणाचे डबे घेऊन बायका
खैऱ्यांच्या गिरणीपर्यंत येतात,
शटर बघतात, परत जातात.
मीही त्यातलीच. बाजरी घेऊन दोन हेलपाटे झाले,
तिसऱ्यांदा जिना उतरताना
मधल्याच पायरीवर थांबले.

एकच पान केलं.
वर नाव : खैरे पिठाची गिरणी.
मध्ये एक गोल. हिरवा म्हणजे चालू, राखाडी म्हणजे बंद.
खाली बारीक अक्षरांत, आत्ता काय दळतायत,
कारण बाजरीमागून गहू कुणालाच नको असतो.

अकरा रात्री गेल्या.
त्यातल्या दोन एका अर्धविरामानं खाल्ल्या.
मग निवृत्ती खैऱ्यांना बटण दाबायला शिकवलं.
पिठानं माखलेलं त्यांचं बोट
पडद्याला कळेचना.
त्यांनी ते पायजम्याला पुसलं, परत टेकवलं.
गोल हिरवा झाला.
‘एवढंच?’
एवढंच, म्हटलं.

ओजस सरांनी कोड वाचला. म्हणाले,
इथे तेच तेच दोनदा आलंय,
आणि फोनवर नाव दोन ओळींत तुटतंय.
बरोबर होतं. दुरुस्त केलं.

‘माझ्याविषयी’ हे पान मात्र अजून रिकामं.
दोन हजार नऊच्या पुढे
कर्सर नुसता डोळे मिचकावतो.
गृहिणी, लिहिते. खोडते.
विश्रांती, लिहिते,
आणि एकटीच हसून तेही खोडते.

या गुरुवारी लाईट अडीचला आली.
मी खिडकीत होते. खालून कुणी एक बाई चालली होती,
काखेत डबा, हातात फोन. ओळखीची नाही.
मागे वळून ओरडली,
‘चल गं, हिरवं झालंय!’

मीही माझा डबा उचलला.
रांगेत चौथी लागले. बोलले नाही काही.
पट्ट्याची फडफड, गरम पिठाचा वास,
आणि पुढच्या बाईच्या फोनवर
नाव अजूनही दोन ओळींत तुटत होतं.
फोन कुठल्या कंपनीचा हो तुमचा,
मी विचारलं.