दात

आजोबा सारंगखेड्याच्या बाजारात
घोड्याचा ओठ वर करून आधी दात बघत,
मग भोवरे मोजत, मग खूर उचलत,
आणि सगळं पटल्यावरही म्हणत, उद्या येतो.
मी धुळ्यात, पारोळा रोडवर,
एका दुपारी तासाभरात
पांढरी वॅगन आर घेतली.

सीट कव्हर नवं होतं.
आत मोगऱ्याचा फवारा.
टायरांना पॉलिश, नवरदेवाच्या बुटांना असतं तसं.
मीटरवर एकेचाळीस हजार.
हर्षल अमृतकर म्हणाला, "मॅडम, बाईमाणसाची गाडी आहे.
डॉक्टरीणबाईंची. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना.
पाचवा गिअर काय असतो, हिला माहीत नाही."
आम्ही हसलो. पेढे त्यानेच आणले होते.

(पाचव्या गिअरचं खरं निघालं.
तो पडतच नाही.)

नवव्या दिवशी, मुकटीच्या अलीकडे,
काटा लाल रेघेवर जाऊन बसला.
मागच्या सीटवर आई,
मोतीबिंदूच्या डोळ्यावर हिरवी पट्टी.
"धूर आपलाच का?" तिने विचारलं.

भटू मिस्तरी मोटरसायकलवरून आला,
तेलाचं टोपण फिरवलं, बोट बुडवलं,
बोटावर दुधाचा चहा.
"तेलमा पानी गयं, ताई."
मग आकाशाकडे बघितलं, मग आईकडे,
आणि थोडं लाजत म्हणाला,
"हीटर लायी द्या. पुरा.
इंजनना ताप तुमना आंगवर घ्या,
तव्हय ती घर जाई."

मे महिना. चव्वेचाळीस अंश.
काचा खाली, हीटर चारवर,
डोक्यावर ओले टॉवेल,
पारोळ्यापर्यंत आम्ही दोघी
गाडीचा ताप वाटून घेत आलो.
शेजारून जाणाऱ्या एसटीतल्या माणसांनी
खिडकीतून आमच्याकडे बघितलं.
आईने, का कोण जाणे, त्यांना हात केला.

दुसऱ्या दिवशी भटूने सीट उचलली.
खाली गाळ. वाळून तडकलेला,
त्यात एक लहानसा शिंपला.
दाराच्या कडेला सर्व्हिसचं जुनं स्टिकर,
सुरतचं, किलोमीटर एक लाख अठ्ठावीस हजार.
डॉक्टरीणबाई तापीतून पोहत
दवाखान्यात जात असाव्यात.

शिंपला रुमालात बांधून मी धुळ्याला गेले, बसने.
हर्षलने चहा मागवला,
शिंपला उलटासुलटा करून पाहिला,
मुलाला खेळायला द्यायचा असावा तसा,
मग फाईल काढून
एका ओळीखाली बोट ठेवलं:
गाडी जशी आहे तशी स्वीकारली.
त्याच्याखाली माझी सही.
ग्रंथालयाच्या रजिस्टरात रोज करते तीच,
ठळक, एकही अक्षर न गाळता.
चहा चांगला होता, याचाच जास्त राग आला.

मग मी गाडीच्या नावाने एक कार्ड काढलं,
पुस्तकांना असतं तसं.
हेड गॅस्केट, बारा हजार चारशे.
वॉटर पंप. रेडिएटर, जुनाच, पण बरा.
क्लच प्लेट.
मागच्या बाजूला भटूचा नंबर,
आणि त्याच्या मुलीच्या बारशाची तारीख,
कारण मधल्या काळात तीही झाली.

आता दिवाळीला दहा दिवस.
बहादरपूरचे लोटन सर ग्रंथालयात आले,
पुस्तक परत केलं, रेंगाळले,
खिडकीतून बाहेर बघत म्हणाले,
"तुमची गाडी विकायची आहे, असं ऐकलं. कशी काय आहे?"

आणि माझ्या तोंडात
ते वाक्य आपोआप येऊन बसलं,
मोगऱ्याच्या वासासकट:
बाईमाणसाची गाडी आहे, सर.
ग्रंथालय ते घर, घर ते ग्रंथालय.

यातला शब्द न् शब्द खरा.

लोटन सरांनी मान डोलावली.
ते हसण्याच्या बेतात होते.
मी ड्रॉवर उघडला.
वर किल्ली होती,
खाली ते कार्ड.