तिसरं प्रूफ

खजुरी बाजारात, जिन्याखालच्या खोलीत
मी सरमंडलांच्या कादंबरीची प्रुफं वाचते.
पान एकेचाळीस. नायक म्हणतो,
"मी तुझी वाट बघून राहिलोय."
मी खोडलं, "बघतोय" केलं,
समासात लिहिलं: हिंदी वळण.

दुसऱ्या प्रुफात ते जसंच्या तसं परत.
शेजारी पेन्सिलीनं, बारीक अक्षरात:
"बघतोय म्हणजे आत्ता.
राहिलोय म्हणजे मागच्या दिवाळी अंकापासून."

नायिका पोह्यांवर जीरावण जरा जास्तच घेते,
ऱ्हस्व-दीर्घावरून माणसं जोखते.
ही बाई कुठे भेटली, मी विचारलं.
मालक म्हणाले, "समासात गप्पा नकोत,
कागद महाग झालाय."

शेवटचं प्रकरण येतच नव्हतं.
छापखान्याचा पोरगा दोनदा हात हलवत गेला.
आज सरमंडल स्वतःच आले:
पानं कोरी,
पुड्यातल्या कचोरीला तेल सुटलेलं.
"शेवट तुम्हीच सुचवा," म्हणाले,
आणि पंख्याकडे बघत बसले.

मी लाल पेन उघडलं.
मागे गेले, पान एकेचाळीस.
खोडलेल्या शब्दांखाली टिंबं देत गेले, एकेक.
आमच्या धंद्यात त्याचा अर्थ: राहू द्या.

मालकांनी चष्म्यावरून पाहिलं.
"आणि हा तेलाचा डाग?"

तोही.