ही कशाने गेली?

रुस्तावीच्या गाडीबाजारामागे, जिथे डांबर संपतं
आणि तेल प्यायलेली माती सुरू होते,
तिथे जुम्बेरचं अंगण.
एका भिंतीला नुसती दारं, दुसरीला बॉनेटं,
मध्ये आरशांचा ढीग,
त्यात जुलैचं आकाश, तुकड्यातुकड्यांनी.

"ओपेल अ‍ॅस्ट्रा. मागचे सीटबेल्ट."
"दोन्ही?"
"दोन्ही."
"उंदरांनी खाल्ले?"
मी मान डोलावली.

खरं सांगायची लाज वाटली.
मीच कापले होते, पावाच्या सुरीने,
तेओना चार वर्षांची होती त्या उन्हाळ्यात,
तिला अक्रोडाला झोका हवा होता.
मागे बसून पट्टा लावतो कोण, म्हणायचो तेव्हा.
पुढेसुद्धा नुसता खांद्यावर टाकायचो
पोलीस दिसला की,
सासरा दिसल्यावर पदर घ्यावा तसा.

पहिल्या गाडीचा पट्टा अर्ध्यात अडकलेला,
आत जाईना, बाहेर येईना.
"ही कशाने गेली?"
"ट्रक. गोरीच्या रस्त्यावर."
जुम्बेरने पट्ट्यावरून अंगठा फिरवला,
एका जागी थांबवला.
तिथे वीण चकाकत होती, वितळून थिजल्यासारखी.
"यानं माणूस धरलाय. एकदा धरला की संपलं त्याचं.
असला मी विकत नाही."
मग, कुत्र्याला लाथेने बाजूला सारत,
"विचारलं तर नाही विकत."

दुसरी पुरातली.
पट्टा ओढला तर आत कुठेतरी वाळू चावली.

तिसरी म्हातारपणाने गेलेली.
"तिबिलिसीच्या एक बाई. पियानो लावून द्यायच्या घरोघर.
गाडी गंजली. बाई आहेत अजून."
पुढचा पट्टा त्यांच्या खांद्यापाशी विटलेला,
एवढासाच, तळहाताएवढा.
मागचे मात्र कुणी हातही न लावलेले.
खोबणीतून सूर्यफुलाची चार टरफलं निघाली, बस.

मी ओढत गेलो, ओढत गेलो, पार शेवटापर्यंत.
तिथली शेवटची वीतभर पट्टी
इतकी काळी, इतकी कोरी,
की कारखाना सोडल्यापासून तिने दिवसच पाहिला नव्हता.
झटका दिला. जागीच थबकला.
हळू ओढला. आला.
"गायीसारखा आहे," जुम्बेर म्हणाला,
"ओरडलास तर हलायचा नाही."

"साठ लारी."
"चाळीस."
"नातवंड?"
"ऑगस्टमध्ये. तेओनाला."
"पंचेचाळीस. बोल्ट याचेच घे, फुकट.
दुसरा कुठलाही बोल्ट लावलास तर माझ्याकडे येऊ नकोस."

त्याच्याच पान्याने बसवले, गुडघे मातीत,
डोकं सीटखाली, घाम डोळ्यांत.
झोका अजून आहे तिथे, अक्रोडाला.
उन्हाने राखेच्या रंगाचा झालाय.
जुम्बेर म्हणेल, उन्हातला पट्टा काही धरत नाही.
धरला होता पण.
सात उन्हाळे.

मार्नेउलीच्या फाट्यावर एक कलिंगड घेतलं, आठ किलोचं.
विकणारी बाई बघत राहिली:
मी ते मागच्या सीटवर बसवलं,
पट्टा पोटावरून घेतला,
खट्.
"पडेल म्हणून," मी म्हटलं.
"पडेलच की," ती म्हणाली, आणि सुट्टे पैसे दिले.

वळणावर जोराचा ब्रेक लागला, गाईंसाठी.
आरशात पाहिलं.
कलिंगड किंचित पुढे झुकलं,
आणि परत टेकून बसलं, रागावल्यासारखं.

पुढे टेकडीवर देऊळ आलं, घंटेचा मनोरा.
सवयीने हात उचलला,
कपाळ, पोट, उजवा खांदा,
आणि डावीकडे जाताना
बोटं कशाला तरी अडकली.