बोटभर

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी
वर्दिल हॅचर बाईंनी आम्हाला पट्ट्या वाटल्या,
लाकडी, कडा झिजलेल्या,
भूमितीच्या सरांकडून उसन्या आणलेल्या.
म्हणाल्या, इतिहासाचं पुस्तक उघडा. मोजा.

युद्धांना एकशे चाळीस पानं.
रेल्वेला नऊ.
कापूस पिंजायच्या यंत्राला दीड, चित्रासकट.
आणि ज्यांनी तो कापूस वेचला,
आमच्या खाडीकाठी कमरेइतक्या चिखलात उभं राहून
भाताचे बांध घातले,
त्यांच्यासाठी पान दोनशे बारावर
एक फिकट निळी चौकट.
ट्रेव्हननं पट्टी लावलीच नाही,
आडवी बोटं ठेवली: "चार बोटं, बाई."
कुणी तरी हसलं.
बाईंनी फळ्यावर तसंच लिहिलं
आणि खाली रेघ मारली,
बेरजेच्या आधी मारतात तशी.

मग कोट न घालताच बाहेर नेलं,
शाळेच्या मागच्या भिंतीपाशी, कचऱ्याच्या पेट्यांमागे.
तांदळाचं जुनं गोदाम पाडलं तेव्हा
विटा स्वस्तात मिळाल्या, त्या इथं लागल्या.
वाका. उजवीकडून सहावी. हात लावा.

खळगे होते. तीन.
ओली वीट उन्हात उलटताना
कुणाची तरी बोटं रुतलेली,
भट्टीत तशीच पक्की झालेली.
ट्रेव्हनचं बोट आत जाईना.
माझंही.
लिन्ह फामचं गेलं,
वर्गात सगळ्यात लहान चणीची ती,
आई कोळंबीच्या कारखान्यात.
तिचं अगदी बेतानं बसलं.
तिनं हात चटका बसल्यासारखा मागे घेतला
आणि कुणी न सांगता परत ठेवला.

"मुलगा होता का मुलगी?"
"माहीत नाही."
"नाव?"
"माहीत नाही. विक्रीच्या वहीत नुसता आकडा आहे."
"मग आम्ही काय लिहायचं?"
"तेच. माहीत नाही, असं लिहा.
पण पूर्ण वाक्यात लिहा.
चौकट नको."

एप्रिलात शिक्षण मंडळाची सभा.
बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं, घंटीसकट.
एक गृहस्थ उठून म्हणाले,
अशानं मुलांना अपराधी वाटतं,
आज भिंतीवर बोट ठेवतात,
उद्या आजोबा-पणजोबांकडे दाखवतील.
ते माझे वडील होते.
मी मागच्या रांगेत, नखं कुरतडत.
मला अपराधी वाटलं नव्हतं.
मला फक्त माझं बोट मोठं वाटलं होतं.
हे सांगायला तीन सेकंद पुरले असते.
मी उठलो नाही.

बाईंनी पिशवीतून एक सुटी वीट काढली,
टेबलावर ठेवली,
आणि अडीच मिनिटं गप्प उभ्या राहिल्या.
मग म्हणाल्या, जरा हातोहात फिरवा.
काहींनी फिरवली.
अध्यक्षांनी रुमालानं हात पुसले.
विषय पुढच्या बैठकीवर ढकलला,
तिथून त्याच्या पुढच्या.
बाई दर सोमवारी पट्ट्या वाटत राहिल्या,
निवृत्त होईपर्यंत,
आणि पट्ट्या शेवटी परत केल्याच नाहीत, असं सर सांगत.

मी आता जमिनी मोजतो.
जुन्या दस्तांत हद्द या ओकपासून त्या ओढ्यापर्यंत जाते,
मध्ये कुठं तरी "झोपड्या, अकरा",
कुणाच्या, ते नाही.
नकाशावर तिथं मी बारीक अक्षरात लिहितो:
इथं माणसं राहत होती, त्यांची नावं मला माहीत नाहीत.
साहेब म्हणतात, एवढं कशाला, जागा जाते.
मी म्हणतो, जाऊ दे.

परवा शाळेवरून गेलो.
मागच्या भिंतीला रंगाचे दोन हात दिलेत,
पिवळसर, जाड.
सहावी वीट शोधायला वेळ लागला.
खळगे उथळ झालेत.
माझं बोट आत जाण्याचा प्रश्नच नव्हता,
तरी मी ते थोडा वेळ
काठावर टेकवून ठेवलं.